कॅथलिक शाळेत लहान मुलांना स्पॅनिश शिकवताना: आधी कान, मग अंग, मग तोंड, वही सगळ्यात शेवटी

पहिल्याच आठवड्यात 'हे आमच्या स्वर्गातील बापा' ही अख्खी प्रार्थना स्पॅनिशमध्ये फळ्यावर लिहायची, मुलांकडून ती वहीत उतरवून घ्यायची आणि महिनाभर घोकून घ्यायची. कॅथलिक शाळेत स्पॅनिशची सुरुवात बहुतेक वेळा अशी होते. महिनाअखेरीस मुलं प्रार्थना धडाधड म्हणतात, पालक खूश होतात. मग कुणी पाहुणा एखाद्या मुलीला स्पॅनिशमध्ये विचारतो, "तुझं नाव काय?" आणि ती शिक्षिकेच्या तोंडाकडे बघत उभी राहते.

याच्या उलट चूकही होते. बाजारातलं तयार पुस्तक आणून रंग, प्राणी, फळं असे पाठ उरकले जातात. शाळेत रोज प्रार्थना होते, आठवड्याला मिस्सा (चर्चमधली सामूहिक उपासना) होते, वेदीवरचं कापड ऋतूप्रमाणे रंग बदलतं, आणि यातलं काहीच स्पॅनिशच्या तासात येत नाही. भाषेसाठी आयतं तयार असलेलं रोजचं जग तसंच पडून राहतं.

सहा ते दहा वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोन-तीन वेळा वीस-पंचवीस मिनिटं स्पॅनिश शिकवणाऱ्या मराठीभाषक शिक्षकांसाठी हा क्रम लिहितो आहे. टप्पे उलटसुलट करू नका. बहुतेक अडचणी क्रम बिघडल्यामुळेच येतात.

टप्पा १: वर्गात पाऊल टाकण्याआधी

धर्मशिक्षण घेणाऱ्या सिस्टर किंवा शिक्षकांबरोबर अर्धा तास बसा. त्यांच्याकडून तीन गोष्टी कळायला हव्यात. कोणत्या इयत्तेत पहिल्या ख्रिस्तप्रसादाची (फर्स्ट कम्युनियनची) तयारी चालते? शाळेची मिस्सा कोणत्या वारी असते? आणि तुमच्या चर्चमध्ये स्पॅनिश मिस्सा होत असेल, तर तिथे प्रार्थनेचा कोणता पाठ म्हणतात?

पहिला प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. ख्रिस्तप्रसादाच्या वर्षी मुलं आपल्या भाषेतल्या प्रार्थना पाठ करत असतात. त्याच वर्षी त्याच प्रार्थना स्पॅनिशमध्ये लादल्या तर दोन्ही भाषांतल्या ओळी एकमेकींत घुसतात. त्या इयत्तेला स्पॅनिशमध्ये क्रुसाची खूण आणि अभिवादनं एवढंच ठेवा.

तिसरा प्रश्न पाठाचा. स्पॅनिश 'पाद्रे नुएस्त्रो'मध्ये, म्हणजे 'हे आमच्या स्वर्गातील बापा' या प्रार्थनेत, जुनी माणसं 'देउदास' म्हणजे ऋणं म्हणतात, तर आज चर्चमध्ये 'ओफेन्सास' म्हणजे अपराध असं म्हटलं जातं. एखादं मूल आजीकडून जुना पाठ शिकून आलं असेल. त्याला चूक म्हणू नका, "आजी म्हणते तेही बरोबर" असं सांगा.

मग बोली ठरवा. स्पेनमध्ये अनेकांना उद्देशून बोलताना 'बोसोत्रोस' वापरतात, लॅटिन अमेरिकेत 'उस्तेदेस'. मिस्सेतही हा फरक ऐकू येतो. स्पेनमध्ये फादर म्हणतात 'एल सेन्योर एस्ते कोन बोसोत्रोस' (प्रभू तुमच्याबरोबर असो), तर मेक्सिकोत किंवा पेरूमध्ये 'एल सेन्योर एस्ते कोन उस्तेदेस'. दोन्हीकडे उत्तर एकच, 'इ कोन तु एस्पीरितु'. कोणतीही बोली निवडा, पण वर्षभर तीच धरा. तुमच्या चर्चमधली स्पॅनिश कुटुंबं जी बोलतात ती घेतली तर मुलांना रविवारी तीच कानावर पडेल.

> तपासा: भिंतीवर लावायचा वर्णमालेचा तक्ता जुना तर नाही? स्पॅनिश वर्णमालेत आज २७ अक्षरं मानतात. २०१० पासून 'चे' (सी-एचची जोडी) आणि 'एये' (दोन एलची जोडी) ही स्वतंत्र अक्षरं राहिलेली नाहीत. २९ अक्षरांचा तक्ता सापडला तर तो कपाटात ठेवा.

टप्पा २: आधी स्वतःचं तोंड

मुलं तुमची नक्कल करणार आहेत, चुकांसकट. चांगली गोष्ट अशी की मराठी माणसाची जीभ स्पॅनिशला जवळची आहे. स्पॅनिश 'त' आणि 'द' हे आपल्या दंत्य त-द सारखेच आहेत. 'तोमाते'ला 'टोमाटे' करायची गरज नाही. 'प', 'त', 'क' बोलताना हवा सुटत नाही, तीही आपल्याला सवयीची. पाचही स्वर सरळ, एकसुरी. ज्यांनी इंग्रजीच्या वळणाने स्पॅनिश उचलली आहे त्यांनी ते वळण सोडून मराठीच्या वळणाने बोलून बघा, उच्चार लगेच सुधारतात.

पाच ठिकाणी मात्र जपावं लागतं.

एच कधीच बोलत नाहीत. म्हणून 'ओला' (नमस्कार), आणि मुलगा या अर्थाचा शब्द 'इहो'. त्या 'इहो'मधला 'ह' जेचा आहे, तो घशातून खरवडत येतो. दोन एल शेजारी आले की बहुतेक ठिकाणी 'य' होतो: 'मे यामो'. व्ही आणि बी यांचा उच्चार एकच, 'ब'च्या बाजूचा, म्हणून मेणबत्ती म्हणजे 'बेला'. आणि ज्या एनवर नागमोडी रेघ असते तो 'न्य'. 'सिएते आन्योस' म्हणजे सात वर्षं. इथे न्यच्या जागी साधा न आला तर शब्दाचा अर्थ लाजिरवाणा होतो. घरी स्पॅनिश बोलणारी मुलं वर्गात असतील तर सगळा तास हसण्यावारी जाईल.

स्वतःसाठी टाचणं देवनागरीत काढायला हरकत नाही, या लेखातही तेच केलं आहे. पण देवनागरी दोन गोष्टी नीट दाखवत नाही. एक म्हणजे एकेरी आणि दुहेरी र: 'पेरो' म्हणजे पण, आणि जीभ फडफडवून म्हटलेला 'पेर्रो' म्हणजे कुत्रा. दुसरी म्हणजे आघात. कॅथलिक शाळेत याचं उदाहरण हाताशीच आहे. 'एल पापा' म्हणताना जोर पहिल्या 'पा'वर दिला तर ते पोप. तोच जोर दुसऱ्या 'पा'वर गेला की ते वडील. आणि जोर पहिल्यावरच ठेवून 'एल'च्या जागी 'ला' लावलं की लॅटिन अमेरिकेत तो बटाटा होतो. देवनागरीत तिन्ही सारखेच दिसतात.

आघाताचा नियम तुम्हाला पाठ हवा, मुलांना सांगायचा नाही. शब्द स्वराने, एनने किंवा एसने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर, एरवी शेवटच्या अक्षरावर. अक्षरावर तिरकी रेघ दिली असेल तर जोर तिथेच. 'हेसूस' (येशू), 'आमेन', 'मारीआ' हे तीनही शब्द मुलं रोज म्हणणार आहेत आणि तिन्हींवर ती रेघ आहे. 'मारीआ'त जोर 'री'वर.

> जपून: 'हेसूस' हे स्पॅनिशभाषक मुलांचं सर्रास ठेवलं जाणारं नाव आहे. चित्रात किंवा गोष्टीत या नावाचा मुलगा आला की वर्गात खसखस पिकते. आधीच सांगून ठेवा की आई-वडिलांनी प्रेमाने आणि भक्तीने ठेवलेलं नाव आहे. वर्गातच या नावाचं मूल असेल तर ते पहिल्याच दिवशी सांगा.

टप्पा ३: पहिले सहा आठवडे कान आणि अंग

या सहा आठवड्यांत वही नाही, फळ्यावर शब्द नाहीत, "माझ्या मागून म्हणा" नाही. तुम्ही स्पॅनिशमध्ये सांगा आणि मुलांनी अंगाने करून दाखवावं. जेम्स अ‍ॅशर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकात ही पद्धत मांडली. लहान मुलांसाठी याहून भरवशाची सुरुवात मला माहीत नाही. मूल बोलायला लागण्याआधी घरात वर्षभर नुसतं ऐकत असतं आणि "बाळा, बॉल आण" म्हटलं की आणतं. तीच वाट इथे धरायची.

सुरुवातीला सहा आज्ञा पुरतात: उठा, बसा, चाला, थांबा, उडी मारा, हात लावा. इथेच शिक्षकांची ठरलेली चूक होते. अख्ख्या वर्गाला ते 'सिएन्ताते' म्हणतात. ते एकट्याला म्हणायचं, 'बस'. वर्गाला 'सिएन्तेन्से', 'बसा' (ही रूपं लॅटिन अमेरिकेतल्या 'उस्तेदेस'ची). उठण्याचंही तसंच, एकाला 'लेबान्ताते', सगळ्यांना 'लेबान्तेन्से'. मराठीत आपण 'बस' आणि 'बसा' यांत कधी गोंधळत नाही, तेव्हा ही जोडी मनात धरून पाठ करा.

पहिल्या आठवड्यात स्वतः करत करत सांगा. दुसऱ्यात सांगा, क्षणभर थांबा, मग करा. तिसऱ्यात हात पाठीमागे बांधून नुसतं सांगा. मुलं तरीही उठली-बसली तर शब्द कानात बसले. चौथ्या आठवड्यापासून दोन आज्ञा जोडा: दारापर्यंत चाला आणि उडी मारा. पाचव्यात वस्तू आणा: 'तोकेन ला मेसा', टेबलाला हात लावा.

मिस्सेत मुलं उभी राहतात, बसतात, गुडघे टेकतात. त्याचे स्पॅनिश शब्द म्हणजे 'दे पिए', 'सेन्तादोस', 'दे रोदियास'. ते याच काळात द्या. रविवारी स्पॅनिश मिस्सेला गेलेल्या मुलाला कोपऱ्यातून कुणीतरी 'दे पिए' म्हणालेलं ऐकू येतं आणि सोमवारी ते धावत सांगायला येतं.

> जपून: 'सिमोन दीसे', म्हणजे 'सायमन म्हणतो', हा आज्ञांचा खेळ मुलांना फार आवडतो. त्यात उडी, टाळी, गिरकी सगळं घ्या, पण गुडघे टेकणं आणि क्रुसाची खूण घेऊ नका. चुकलं की बाद होण्याच्या खेळात प्रार्थनेची कृती आली की तिचं गांभीर्य मुलांच्या मनातून जातं आणि ते परत आणणं कठीण.

काही मुलं सहाही आठवडे एक शब्द बोलणार नाहीत. त्यांच्याकडून बोलून घेऊ नका. आज्ञा बरोबर पाळत असतील तर ती शिकत आहेत.

वर्गात तुम्ही किती स्पॅनिश बोलायचं? अमेरिकेतली परकीय भाषा शिक्षकांची संघटना नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त वेळ शिकवायच्या भाषेतच बोला असं सांगते. पहिल्या वर्षी हे अवघड वाटतं, पण हातवारे, चित्रं आणि वस्तू यांच्या आधाराने जमतं. शाळेच्या भाषेत बोलायची वेळ ठरवून टाका, फार तर दोन मिनिटं. प्रत्येक वाक्याचं लगोलग भाषांतर करण्याची सवय लागली की मुलं स्पॅनिश ऐकणंच थांबवतात, कारण अर्थ पाठोपाठ येणार हे त्यांना कळून चुकतं.

पंचवीस मिनिटांची माझी वाटणी अशी: दोन मिनिटं अभिवादन आणि प्रार्थना, सहा मिनिटं जुन्या आज्ञा, आठ मिनिटं नवं काही, सहा मिनिटं खेळ, तीन मिनिटं दारापाशी. दाराचं पुढे येईल. एका तासाला पाच-सहापेक्षा जास्त नवे शब्द नकोत.

टप्पा ४: प्रार्थना, आठवड्याला एक ओळ

क्रम असा ठेवा: क्रुसाची खूण, मग 'ग्लोरिआ' (छोटी गौरवप्रार्थना), मग 'आबे मारीआ' (नमो मारिया), आणि 'पाद्रे नुएस्त्रो' सगळ्यात शेवटी, जमलं तर दुसऱ्या वर्षी. ज्या प्रार्थनेने बहुतेकजण सुरुवात करतात ती शेवटी का? ती लांब आहे, आणि तिच्यात 'सान्तिफिकादो सेआ', 'आगासे' अशी क्रियापदांची रूपं आहेत जी बोलताना मुलांच्या वाट्याला कित्येक वर्षं येणार नाहीत.

क्रुसाची खूण तिसऱ्या आठवड्यात सुरू करा. आधी नुसती अंगं: 'ला फ्रेन्ते' कपाळ, 'एल पेचो' छाती, 'एल ओम्ब्रो' खांदा. तुम्ही नाव घ्या, मुलांनी हात लावावा. पुढच्या आठवड्यात तुम्ही सावकाश म्हणा, मुलं फक्त हात फिरवतील:

एन एल नोम्ब्रे देल पाद्रे,
इ देल इहो,
इ देल एस्पीरितु सान्तो.
आमेन.

त्यानंतरच्या आठवड्यात मुलांनी फक्त 'आमेन' म्हणायचं. मग शेवटची ओळ आणि आमेन. मग शेवटून दुसरी. असं शेवटाकडून सुरुवातीकडे या. सुरुवातीपासून शिकवलं तर मुलं पहिली ओळ मोठ्याने म्हणतात आणि पुढे पुढे पुटपुटतात. शेवटाकडून आलात की प्रत्येक वेळी मूल अनोळखी भागातून ओळखीच्या भागात शिरतं आणि त्याचा आवाज वाढत जातो. 'आबे मारीआ'च्या दुसऱ्या भागाला याचा फरक ठळक जाणवतो.

स्पॅनिश कुटुंबांतली मुलं खुणेच्या शेवटी अंगठ्याचं चुंबन घेतात. घेऊ द्या. इतर मुलांना सक्ती नको, मनाईही नको.

प्रार्थनेचं व्याकरण फोडू नका. अर्थ मुलांना आपल्या भाषेतल्या प्रार्थनेतून ठाऊकच आहे. मात्र प्रार्थना तोंडात बसली की तिच्यातला एक शब्द बाहेर काढा आणि त्याला वर्गात हिंडू द्या. 'पाद्रे नुएस्त्रो'मधून 'सिएलो' घ्या. आपण देवाचा तो स्वर्ग आणि ढगांचं ते आकाश असे दोन शब्द वापरतो, स्पॅनिशमध्ये दोन्हींना 'सिएलो'च. खिडकीपाशी जाऊन वर बोट दाखवा: 'एल सिएलो एस आसूल', आकाश निळं आहे. प्रार्थनेतला शब्द खिडकीबाहेर दिसल्यावर मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. 'आबे मारीआ'तून 'एरेस' घ्या, 'तू आहेस'. तोच शब्द घेऊन दुसऱ्या दिवशी मूल मित्राला म्हणतं, 'तू एरेस मि आमीगो'. स्पॅनिशमधला 'तू' हा आपलाच 'तू' आहे, आणि देवालाही आपल्यासारखंच 'तू' म्हणतात. मोठ्यांना 'उस्तेद'. तू आणि आपण यांतला फरक मराठी शिक्षकाला समजावून सांगावा लागत नाही.

> तपासा: वर्गातल्या दोन-तीन मुलांना एकेकटं बोलवा आणि प्रार्थनेच्या मधल्या ओळीपासून पुढे म्हणायला सांगा. जमलं तर प्रार्थना येते. सुरुवातीला गेल्याशिवाय जमत नसेल तर ती नुसती चालीवर येते, मग आणखी दोन आठवडे तिथेच थांबा.

शाळेत दुसऱ्या धर्माची मुलं असतील तर त्यांना प्रार्थनेच्या वेळी शांत उभं राहायची मोकळीक द्या. आज्ञा, रंग, खेळ सगळं त्यांचंही आहे.

टप्पा ५: स्वतःबद्दल बोलणं

सातव्या आठवड्यापासून मुलांना तोंड उघडायला लावा. नाव: 'मे यामो' आणि पुढे आपलं नाव. वय: 'तेंगो सिएते आन्योस'. इथे हटकून 'सोय सिएते' असं ऐकू येईल, कारण मुलं 'मी आहे'ला सरळ 'सोय' लावतात. स्पॅनिशमध्ये वय 'असतं', जसं दप्तर किंवा पेन्सिल जवळ असते. पेन्सिल हातात धरून 'तेंगो ऊन लापिस', मग बोटं दाखवून 'तेंगो सिएते आन्योस', असं एकापाठोपाठ एक दहा वेळा करा. नियम सांगायची वेळ येणार नाही. भूक आणि तहानही याच 'तेंगो'ने: 'तेंगो आम्ब्रे', 'तेंगो सेद'. मधल्या सुट्टीच्या आधीच्या तासाला ही दोन वाक्यं फार लवकर येतात.

आवडीनिवडी मराठी शिक्षकाला सगळ्यांत सोप्या. 'मे गुस्ता' म्हणजे 'मला आवडतं', आणि बांधणी हुबेहूब आपली. 'मला सफरचंद आवडतं', 'मला सफरचंदं आवडतात': वस्तू अनेक झाल्या की क्रियापद बदलतं. स्पॅनिशमध्येही 'मे गुस्ता ला मान्साना', 'मे गुस्तान लास मान्सानास'. इंग्रजीतून शिकवणारे इथे 'मी आवडतो' अशी उलटी रचना करून बसतात आणि मुलांनाही तेच शिकवतात. पाठ तयार करताना मनात मराठी वाक्य धरा, इंग्रजी नको.

टप्पा ६: चर्चचं वर्ष म्हणजे तुमचा अभ्यासक्रम

रंग शिकवायला प्लॅस्टिकची चित्रं कशाला? सामान्य काळात वेदीवर हिरवा, आगमनकाळात (नाताळाआधीचे आठवडे) आणि उपवासकाळात (ईस्टरआधीचे आठवडे) जांभळा, नाताळात आणि ईस्टरला पांढरा, पेन्टेकॉस्टला आणि हुतात्म्यांच्या सणांना लाल. सोमवारी एकच प्रश्न विचारा: 'दे के कोलोर एस?', कोणता रंग आहे? रविवारी चर्चमध्ये काय पाहिलं ते मुलं सांगतील: 'बेर्दे', 'मोरादो', 'ब्लान्को', 'रोहो'. चाळीस आठवडे हा एक प्रश्न विचारत राहिलात तरी पुरे.

आगमनकाळाच्या चार मेणबत्त्यांतून संख्या, रंग आणि लिंग तिन्ही एकत्र शिकवता येतात. मेणबत्ती 'बेला' स्त्रीलिंगी. पहिल्या आठवड्यात एक मेणबत्ती पेटवा आणि म्हणा 'ऊना बेला मोरादा'. दुसऱ्यात 'दोस बेलास मोरादास'. तिसऱ्या रविवारची मेणबत्ती गुलाबी, म्हणून 'दोस बेलास मोरादास इ ऊना रोसादा'. चौथ्यात 'त्रेस मोरादास इ ऊना रोसादा'. 'जांभळा-जांभळी' आणि 'पांढरा-पांढरी' म्हणणाऱ्या आपल्याला हा बदल कानाने कळतो, आणि चार आठवडे पेटत्या मेणबत्त्या बघून मुलांनाही कळतो. 'बेर्दे' मात्र स्त्रीलिंगातही तसाच राहतो. मुलांनी 'बेर्दा' म्हटलं तर नुसतं 'सी, बेर्दे' म्हणा आणि पुढे चला.

> जपून: उपवासकाळात, राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या जागरणापर्यंत, 'आलेलूया' म्हणत नाहीत. तासाच्या शेवटी म्हणायचं गाणं त्या शब्दाचं असेल तर त्या दिवसांत दुसरं लावा. हे आधी ठरवलं नाही तर धर्मशिक्षणाच्या शिक्षकांना मागून निस्तरावं लागतं.

संतांच्या चित्रांत शब्द भरलेले असतात. ३ नोव्हेंबरला लिमाच्या सान मार्तीन दे पोर्रेसचा सण. त्यांच्या चित्रात हातात झाडू असतो आणि पायाशी कुत्रा, मांजर आणि उंदीर एकाच ताटलीतून खात असतात. 'एस्कोबा', 'पेर्रो', 'गातो', 'रातोन'. चित्र झाकून ठेवा, एका वेळी एक प्राणी उघडा. 'पेर्रो'तला फडफडता र मुलं इथे आवडीने घोटतात. मग विचारा, 'एल गातो कोमे? सी ओ नो?', मांजर खातंय का, हो की नाही? मठात झाडू मारणारे, दुखणेकऱ्यांची सेवा करणारे ब्रदर १९६२ साली संत म्हणून घोषित झाले, ही गोष्ट धर्मशिक्षणाच्या शिक्षकांनी सांगावी. तुम्ही शब्द सांभाळा.

१२ डिसेंबरला ग्वादालूपेच्या मातेचा सण. १५३१ साली मेक्सिकोतल्या तेपेयाक टेकडीवर हुआन दिएगोला झालेल्या दर्शनाची ही आठवण. 'रोसा' (गुलाब), 'एस्त्रेया' (तारा), 'मान्तो' (अंगावरची शाल) हे तीन शब्द चित्रावरूनच येतात. १६ ते २४ डिसेंबर 'पोसादास': योसेफ आणि मारिया निवारा शोधत दारोदार फिरतात तो प्रसंग. निम्मा वर्ग दाराबाहेर 'पोसादा' मागतो, आतला निम्मा 'नो' म्हणतो आणि शेवटी दार उघडून 'सी' म्हणतो. ६ जानेवारीला तीन राजे: मेल्चोर, गास्पार, बाल्तासार.

हे सगळं एका वर्षात करू नका. वर्षाला तीन सण, नीट केलेले, एवढं खूप झालं. १ आणि २ नोव्हेंबरचा मेक्सिकोतला मृतांचा स्मृतिदिन पहिल्या वर्षी घाईने करू नका. रंगीत कवट्या काढून घेतल्या की ते भुताखेतांचं सोंग होतं, आणि ज्या घरांत त्या दिवशी आजोबांसाठी दिवा लावतात तिथल्या मुलांना ते लागतं.

ऐकण्यासाठी एक छोटा तुकडा हाताशी ठेवा. ८ मे २०२५ला निवडून आल्यावर पोप लिओ चौदावे सज्ज्यातून मध्येच स्पॅनिशमध्ये बोलले, पेरूतल्या आपल्या चिक्लायो धर्मप्रांताला उद्देशून. अर्ध्या मिनिटाचा तो भाग लावा आणि मुलांना एकच काम द्या: 'पेरू' हा शब्द ऐकू आला की हात वर.

टप्पा ७: वाचन, आणि मगच लेखन

जो शब्द मुलाच्या तोंडून सहज येतो तोच डोळ्यांसमोर ठेवायचा. साधारण पहिल्या सत्राच्या शेवटी वर्गातल्या वस्तूंना चिठ्ठ्या लावा: 'ला मेसा' (टेबल), 'ला पुएर्ता' (दार), 'ला क्रूस' (क्रूस). नामाबरोबर नेहमी 'एल' किंवा 'ला' लिहा, सुटं नाम लिहू नका. 'ला मानो' म्हणजे हात हा ओकारान्त असून स्त्रीलिंगी, आणि 'एल दीआ' म्हणजे दिवस हा आकारान्त असून पुल्लिंगी. मुलांनी ही जोडी कानाने उचललेली असेल तर अपवाद म्हणून वेगळी शिकवावी लागत नाही.

लेखन दुसऱ्या सत्रात, आणि तेही थोडं. मुलांना सगळ्यांत आवडतं ते वाक्याच्या सुरुवातीचं उलटं प्रश्नचिन्ह. त्यानेच सुरुवात करा.

> तपासा: वाचायला दिल्यावर मुलाचा उच्चार अचानक बिघडला, 'ओला'चं 'होला' झालं, तर छापील अक्षर कानाच्या आधी आलं आहे. चिठ्ठी काढा, दोन आठवडे पुन्हा फक्त बोला.

टप्पा ८: घरी स्पॅनिश बोलणारी मुलं

वर्गात अशी मुलं असली की शिक्षक त्यांना दुभाषी करून टाकतात. "सांग रे, याला काय म्हणतात?" मूल लाजतं, आणि इतरांचे प्रयत्न थांबतात. त्यांना काम द्या: आज्ञा देणारा, पोसादासमधला घरमालक, प्रार्थनेची पहिली ओळ उचलणारा. त्यांच्या घरचा शब्द तुमच्या शब्दापेक्षा वेगळा असेल तर दोन्ही फळ्याशेजारी चित्राखाली लावा. घरची बोली वर्गात सुधारू नका. ती त्यांच्या आईची भाषा आहे. आणि आईला वर्षातून एकदा वर्गात बोलवा. येऊन पाच मिनिटं तिने 'आबे मारीआ' म्हटली तरी पुष्कळ. आपल्या शिक्षिकेव्यतिरिक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती प्रार्थना मुलं पहिल्यांदाच ऐकत असतील.

टप्पा ९: परीक्षा दारापाशी

लेखी चाचणी घेऊ नका. परवलीच्या शब्दाला स्पॅनिशमध्ये 'सान्तो इ सेन्या' म्हणतात, शब्दशः संत आणि खूण. पहाऱ्यावरच्या सैनिकांचा हा शब्द आहे. पूर्वी त्यासाठी एखाद्या संताचं नाव ठरवून देत. तासाची शेवटची तीन मिनिटं तुम्ही दारात उभे राहा. प्रत्येक मूल रांगेतून येईल, तुम्ही एक प्रश्न विचाराल किंवा एक वस्तू दाखवाल, उत्तर दिलं की बाहेर. ज्याला येत नाही त्याला रागवायचं नाही, रांगेच्या शेवटी पाठवायचं. पुढच्या दहा मुलांची उत्तरं ऐकत तो परत येतो आणि तेव्हा त्याला उत्तर येतं.

हाजिरीपटाच्या कडेला तीन खुणा पुरतात: लगेच, विचार करून, दुसऱ्या फेरीत. महिन्याला एकदा त्या खुणा मोजा. निम्म्याहून जास्त मुलं दुसऱ्या फेरीत जात असतील तर नवं काही घेऊ नका, टप्पा ३च्या आज्ञांवर परत जा आणि तेच शब्द अंगाने करून घ्या.

वर्षअखेरीच्या कार्यक्रमात पालकांसमोर फक्त प्रार्थना म्हणून दाखवू नका. आधी मुलांना सभागृहात बसलेल्या पालकांना 'दे पिए' आणि 'सिएन्तेन्से' म्हणू द्या, पालकांना उठवू-बसवू द्या. मग एखाद्या मुलीला पुढे बोलवून सगळ्यांसमोर तिचं नाव स्पॅनिशमध्ये विचारा. प्रार्थना त्यानंतर.